फडकं मारण्याआधी: गाडीचा रंग घरच्या घरी जपण्याची आणि सुधारण्याची रीत

भर उन्हात उभी असलेली एखादी काळी किंवा गडद निळी गाडी तिरक्या नजरेनं बघा. बॉनेटवर सूर्याचं प्रतिबिंब पडतं, त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. त्या प्रत्यक्षात गोल नसतात. सगळ्या दिशांनी ओरखडे असतात, त्यांतले प्रकाशाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवरही ते तितकेच असतात, फक्त लपून राहतात. हे ओरखडे रस्त्यावर फारसे पडत नाहीत. ते पार्किंगमध्ये पडतात, रोज सकाळी धुळीवरून मारल्या जाणाऱ्या कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्यानं. आपल्याकडच्या धुळीत बारीक वाळू असते, शेजारी बांधकाम चालू असेल तर सिमेंटही असतं. फडक्याखाली सापडलेला तो कण रंगावर ओढला जातो.

म्हणून चकाकी परत आणायची असेल तर पॉलिशच्या बाटलीआधी धुण्याची पद्धत बदला. तसं न करता पॉलिश केलेली गाडी दोन महिन्यांत पुन्हा तशीच होते, आणि त्या पॉलिशमध्ये गेलेला रंगाचा थर मात्र परत येत नाही.

रंग म्हणजे नक्की काय असतं

आजच्या गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर म्हणजे बेस कोट, आणि सर्वांत वर रंगहीन, पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास भरतं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काही गाड्यांवर थोडं कमी, काहींवर थोडं जास्त. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. वर्तमानपत्राचा एक कागद साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चकाकी त्या कागदाहून पातळ थरावर उभी आहे. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनंही याच थरात असतात.

पॉलिश करणं म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणणं, म्हणजे पॉलिश. हलक्या पॉलिशनं एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी थर जातो, कंपाउंड म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश लावून मशीननं जोर काढला तर तीन-चारही जातात. एवढ्यानं काही बिघडत नाही. पण दर सर्व्हिसिंगला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलेल्या गाडीचं छत आणि बॉनेट काही वर्षांनी पांढरट पडून सोलायला लागतं, त्याचं कारण हेच. क्लिअर कोट उडाला की कुठलंही पॉलिश कामाचं नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.

जुनी मारुती ८००, ओम्नी किंवा अ‍ॅम्बॅसडर जपून ठेवली असेल तर तिच्या साध्या रंगावर बहुधा क्लिअर कोट नसतोच. एका कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तुम्ही थेट रंगच घासताय. (गाडी पांढरी असेल तर गडद फडकं घ्या.) असा रंग सुधारतो फार सुंदर, पण दरवेळी थोडा थोडा कमी होत जातो.

पहिलं काम: फडकं थांबवणं

सोसायटीत रोज गाडी पुसायला कुणी येत असेल तर त्यांच्याशी नीट बोला. बहुतेकांच्या हातात एक बादली आणि एकच फडकं असतं आणि त्यात पंधरा-वीस गाड्या उरकायच्या असतात. पाचव्या गाडीपर्यंत बादलीतलं पाणी गढूळ झालेलं असतं. यात त्यांचा दोष नाही, आपण मागतो तेच ते करतात. महिन्याचे पैसे तेवढेच ठेवा, काम बदला: रोज फक्त काचा आणि आरसे, आणि आठवड्यातून एक-दोनदा स्वच्छ पाण्यानं पूर्ण धुणं. तुमच्या गाडीसाठी वेगळी मायक्रोफायबरची फडकी आणि शाम्पू तुम्हीच द्या. रोजच्या धुळीनं रंगाचं काही बिघडत नाही. तीन दिवस धूळ बसलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षा सुरक्षित असते, हे पटायला वेळ लागतो, पण ते खरं आहे.

गाडीवर टाकायचं कापडी कव्हरही याच हिशोबात धरा. धुळीच्या गाडीवर कव्हर चढवलं आणि ते वाऱ्यानं दिवसभर हललं, तर ते मोठं फडकंच झालं.

धुणं

गाडी सावलीत घ्या, सकाळची वेळ उत्तम. बॉनेटवर तळहात सहज ठेवता आला पाहिजे. मे महिन्यात दुपारी पत्र्यावर शाम्पू टाकला तर तो वाळून डाग पडतात.

लागणारं सामान थोडं आहे. दोन बादल्या, चाकांसाठी जुना मग आणि वेगळं फडकं, गाडीचा शाम्पू, मायक्रोफायबरचा हातमोजा, आणि कोरडं करायला एक मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल. जुनी बनियन, साडीचा तुकडा, टेरिकॉट, पंपावर मिळणारं पिवळं फडकं हे सगळं चाकांसाठी आणि इंजिनाखालच्या कामासाठी ठेवा. भांड्यांचं लिक्विड आणि कपड्यांची पावडर वापरू नका, रंगावरचं वॅक्स त्यानं निघून जातं.

आधी चाकं धुवा, म्हणजे ब्रेकची काळी धूळ नंतर धुतलेल्या दारांवर उडत नाही. मग नुसतं पाणी, वरून खाली, सैल धूळ वाहून जाईपर्यंत. या टप्प्यात हात लावायचा नाही. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळून माती काढा, मगच पुन्हा शाम्पूत. क्रम असा: छत, काचा, बॉनेट आणि डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि शेवटी दारांचा खालचा भाग व बंपर, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथेच असते. हात सरळ रेषेत फिरवा. जोर अजिबात नको. मोजा किंवा टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवशी रंगाला लावायचा नाही, झटकून घेतला तरी नाही.

शेवटचं पाणी मारल्यावर गाडी उन्हात वाळू देऊ नका. पुण्याच्या किंवा संभाजीनगरच्या बहुतेक सोसायट्यांत बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी असतं, त्यातले क्षार थेंबाबरोबर वाळून पांढरी वर्तुळं करतात. टॉवेल पसरून अलगद ओढा, घासू नका. आरशांच्या खाचेत आणि दाराच्या हँडलमागे साचलेलं पाणी नंतर ओघळतं, तेही टिपून घ्या.

पाण्याची टंचाई असेल तर रिन्सलेस वॉश नावाचं द्रव मिळतं. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात ते एका बादलीत टाकायचं, एकेक भाग भिजवायचा, ओल्या मायक्रोफायबरनं पुसून लगेच कोरडा करायचा. वेगळं धुवायला पाणी लागत नाही. उन्हाळ्यात मी हीच पद्धत सुचवेन. फडकी मात्र आठ-दहा हवीत आणि प्रत्येक भागाला स्वच्छ बाजू हवी. पावसाळ्यात चिखलानं माखलेल्या गाडीवर हे चालणार नाही. तिथे आधी भरपूर पाणी मारून चिखल उतरवावाच लागतो.

मायक्रोफायबर इतर कपड्यांत धुऊ नका, सुती धागे चिकटतात. कपडे मऊ करणारं कंडिशनरही नको, त्यानं पाणी शोषणं बंद होतं.

हात फिरवून तपासणी

गाडी धुऊन कोरडी झाली की हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा आणि बोटं बॉनेटवरून अलगद फिरवा. नुसत्या हाताला न जाणवणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. धुऊनही न निघालेले, रंगात रुतलेले कण असतात हे. रेल्वेलाइनजवळ किंवा एमआयडीसीत वर्कशॉपच्या आसपास गाडी उभी राहत असेल तर त्यात लोखंडाची बारीक भुकटी असते, आणि पांढऱ्या गाडीवर तिचे नारिंगी ठिपके दिसतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की लोखंडाशी लागून जांभळा ओघळतो, वास उग्र असतो. वाळू न देता धुऊन टाका.

उरलेल्या खरखरीसाठी क्ले बार. मळलेल्या मातीसारखी ही वडी असते. तळहाताएवढा तुकडा चपटा करा, भागावर शाम्पूचं पाणी किंवा क्लेसोबतचा फवारा भरपूर मारा आणि क्ले हलक्या बोटांनी मागेपुढे सरकवा. सुरुवातीला अडकल्यासारखं वाटतं, मग सरकायला लागतं. कळकट झालेली बाजू आत दुमडा. जमिनीवर पडलेला तुकडा टाकून द्या. वर्षातून एकदा किंवा दोनदा पुरे, कारण क्लेनंही अगदी बारीक ओरखडे येतात. त्यामुळे ती पॉलिशच्या आदल्या टप्प्यातच वापरावी.

कोणता ओरखडा जाईल, कोणता नाही

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो क्लिअर कोटच्या पार गेला आहे किंवा जवळपास पोहोचला आहे. तो पॉलिशनं काढायच्या नादात भोवतीचा थर संपवू नका. नख अडकत नसेल तर त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला तर तो वरच्या वर आहे, जाण्याची आशा चांगली. आत पांढरा किंवा करडा प्रायमर दिसत असेल तर टचअप, म्हणजे तेवढ्याच जागी रंगाचा थेंब भरणं, आणि पत्रा दिसत असेल तर टचअप लवकर.

पार्किंगच्या खांबाला घासून बंपरवर आलेला पिवळा किंवा पांढरा पट्टा बघून लोक घाबरतात. तो बरेचदा खांबाचाच रंग असतो. थोडं कंपाउंड मायक्रोफायबरवर घेऊन हातानं घासलं की पुष्कळसा उतरतो, मग खाली खरा ओरखडा किती आहे ते दिसतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर दोन्ही दूर ठेवा. टूथपेस्टचा उपायही करू नये. ती घासते हे खरं, पण रंगासाठी ते खडबडीत काम आहे.

पॉलिश

हातानं पॉलिश करता येतं, पण एखादा दरवाजा, हँडलमागची नखांच्या ओरखड्यांची खळगी, बंपरचा कोपरा, एवढंच. पूर्ण बॉनेट हातानं केलं तर खांदा भरून येतो आणि काम सगळीकडे सारखं होत नाही.

पूर्ण गाडीसाठी ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे डीए पॉलिशर घ्या. त्याचं पॅड गोल फिरता फिरता डोलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही आणि नवख्या हातालाही रंग जाळणं अवघड जातं. गॅरेजमध्ये दिसतं ते रोटरी मशीन एकाच अक्षावर फिरतं. कडेवर क्षणभर जास्त टेकलं तर क्लिअर कोट पार होतो, आणि हात बसला नसेल तर उन्हात दिसणारे धुरकट पट्टे मागे राहतात. ग्राइंडरला किंवा ड्रिलला पॅड जोडून तर मुळीच करू नका.

बॉनेटच्या कडा, पॅनलच्या धारदार रेषा, रबर आणि काळं प्लास्टिक यांवर मास्किंग टेप लावा. धारेवर रंग पातळ बसलेला असतो, आणि काळ्या प्लास्टिकमध्ये शिरलेलं पांढरं पॉलिश काढताना नाकी नऊ येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन फूट लांब-रुंद एकच चौकोन निवडा आणि सगळ्यात सौम्य जोडीनं सुरुवात करा: मऊ फोम पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवून पॉलिश पसरवा, मग सुरू करा, नाहीतर भिंतीपर्यंत शिंतोडे उडतील. वेग सहापैकी चार किंवा पाच. हात सावकाश, सेकंदाला एखाद-दोन इंच. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. असे चार ते सहा फेरे. मशीनचं वजन आणि थोडा हात एवढाच जोर. पॅडवर मार्करनं एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. थांबली तर जोर जास्त होतोय किंवा पॅड तिरकं धरलंय.

पुसा, आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. पण लगेच विश्वास ठेवू नका. पुष्कळ पॉलिशमध्ये तेलं असतात, ती ओरखड्यात बसून तो झाकतात आणि दोन धुण्यांत तो परत दिसायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून, १० ते १५ टक्क्यांचं, तो चौकोन पुसून घ्या. मग खरी स्थिती दिसते. ओरखडे पुरेसे गेले असतील तर तीच जोडी सगळ्या गाडीवर. राहिले असतील तर आधी पॉलिश तेच ठेवून पॅड थोडं कडक घ्या, त्यानंही भागलं नाही तरच कंपाउंड. कंपाउंड वापरलं तर त्यानंतर फिनिशिंग पॉलिशचा एक हात द्यावा लागतो.

दर दोन चौकोनांनंतर पॅड ब्रशनं साफ करा. तीन-चार पॅड हाताशी हवीत. लहान हॅचबॅकलासुद्धा दोन सकाळी द्या. आणि शंभर टक्के ओरखडे काढायच्या मागे लागू नका. रोज वापरायच्या गाडीवर सत्तर-ऐंशी टक्के सुधारणा दिसायला अप्रतिम असते, आणि पुढच्या वेळेसाठी थर शिल्लक राहतो.

वरचं संरक्षण

पॉलिश केलेला रंग उघडा असतो. त्यावर काहीतरी लावायलाच हवं. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांपासून मिळतं. चमक उबदार देतं, पण आपल्या उन्हात महिना-दीड महिन्याच्या पुढे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये. सीलंट म्हणजे वॅक्ससारखाच, पण कृत्रिम रसायनांचा संरक्षक थर. तो काही महिने टिकतो. सिरॅमिक कोटिंग त्याहून बरंच जास्त, पण ते लावण्याआधी रंग निर्दोष लागतो, कारण खालचा ओरखडाही त्याच्याखाली बंद होतो. शिवाय लावल्यावर ठरावीक वेळेत पुसलं नाही तर डाग घट्ट बसतात. बाटलीवरचं ‘९एच’ हे पेन्सिलीच्या कठीणपणाच्या चाचणीतलं माप आहे. त्याचा अर्थ दगडानं ओरखडा येणार नाही असा नव्हे. दगडापासून वाचवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, आणि ती घरी लावायची गोष्ट नाही.

नवख्यानं स्प्रे सीलंट घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. धुतलेल्या गाडीवर फवारा, पसरवा, कोरड्या फडक्यानं पुसा, दर दोन-तीन महिन्यांनी. पावसाळ्याच्या आधी मेअखेरीस एकदा नक्की.

डाग: थांबायला वेळ नसतो तेव्हा

पक्ष्यांची विष्ठा आम्लधर्मी असते आणि तापलेल्या रंगावर काही तासांत खूण उमटवते. खरवडू नका, ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून भिजवा आणि उचला. गाडीत पाण्याची छोटी बाटली आणि टिश्यू ठेवा. झाडाचा चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं सुटतो. डांबराला टार रिमूव्हर किंवा थोडं टर्पेंटाइन, आणि नंतर शाम्पूनं धुणं.

तळघरातल्या पार्किंगमध्ये स्लॅबमधून ठिबकणाऱ्या पाण्यानं चुन्याचे पांढरे ओघळ येतात. हे आपल्याकडचं खास दुखणं आहे, आणि घासलं की हमखास ओरखडे. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात टिश्यू भिजवा, गार पत्र्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा, धुवा, लागलं तर पुन्हा करा. शेवटी शाम्पू. बोअरच्या पाण्याच्या वर्तुळांवरही हाच उपाय. तरीही खड्डा जाणवत असेल तर मग तो पॉलिशचा विषय.

दसऱ्याला गाडीची पूजा होणारच, आणि व्हावीच. स्वस्तिक आणि कुंकू थेट रंगावर न काढता नंबरप्लेटवर किंवा काचेच्या कोपऱ्यात काढा. झेंडूच्या हाराला तार असेल तर ती दोऱ्यानं बदला, चालत्या गाडीवर ती बॉनेट खरवडते. कुंकू पुसू नका, आधी पाण्यानं वाहू द्या. हळदीचा पिवळेपणा राहिला तरी काळजी नको, तो उन्हानं फिका पडत जातो.

टचअप

एक्स्प्रेस वेवर नियमित जाणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर दगडाचे टवके असतातच. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या पत्र्याला गंज फार लवकर धरतो, म्हणून तिथे हे काम पावसाळ्याआधी उरका. बंपर प्लास्टिकचा असतो, त्याला गंजाची भीती नाही, तो थांबू शकतो.

रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. सापडला नाही तर चासिस नंबरवरून सर्व्हिस सेंटर सांगतं. टवका अल्कोहोलनं साफ करा. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा काडीच्या टोकाला लावून फक्त तेवढाच ठिपका घासा आणि प्रायमरचा थेंब द्या. बाटलीतल्या ब्रशनं रंग लावू नका, तो जाड बसतो. टूथपिकच्या टोकानं थेंब टवक्यात सोडा आणि पसरू द्या. वाळू द्या, पुन्हा एक थेंब. दोन-तीन पातळ थरांत खळगा भरत आला की क्लिअर कोटचा थेंब. जवळून बघितलं तर ठिपका दिसेल. चार पावलांवरून दिसणार नाही. त्यावर काही आठवडे पॉलिश फिरवू नका. गॅरेजमधून पूर्ण पॅनल रंगवून आणलं असेल तर रंगातलं द्रावक उडून जाईपर्यंत, म्हणजे निदान महिनाभर, त्यावर वॅक्स किंवा कोटिंग लावायचं नाही. तोवर नुसत्या पाण्यानं धुतलेलं चालतं.